म्हापशातला टायपिंगवाला काका आणि माझा साडेतीन हजारांचा रेझ्युमे

"नोकरीचा की लग्नाचा?"

दुकानात पाय ठेवला आणि काकांनी चष्म्यावरून बघत पहिला प्रश्न हाच टाकला. मी म्हटलं नोकरीचा. मग बरं म्हणाले, लग्नाच्या बायोडाटाला पन्नास रुपये जास्त, वर गणपती आणि बाजूने वेलबुट्टीची बॉर्डर घालावी लागते. (काका सगळं कोकणीतून बोलतात, मी मराठीत लिहितेय, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातली निम्मी मजा इथे गेली असं समजा.) पुढे त्यांनी हेही सांगितलं की एका पोराने लग्नाचीच फाईल कॉपी करून नोकरीचा रेझ्युमे बनवला होता आणि वर श्री गणेशाय नमः तसंच राहिलं, खाली रास आणि नाडीसुद्धा. त्याला नोकरी लागली का विचारलं तर म्हणाले लग्न झालं.

तर हा रिव्ह्यू त्या दुकानाचा. म्हापसा मार्केटजवळ, आत गल्लीत, एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनचं यंत्र आणि एक फॅन जो गरज नसताना जोरात फिरतो. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण बोर्डावर फक्त झेरॉक्स, लॅमिनेशन, टायपिंग एवढंच वाचता येतं, बाकीचं पावसाने खाल्लंय. लोक टायपिंगवालो म्हणतात, मार्केटात तसंच विचारा.

पण आधी मी तिथे पोचले कशी ते सांगते, कारण मी काही पहिल्याच फटक्यात शहाणी नव्हते. आधी साडेतीन हजार घालवून मग शहाणी झाले.

मी डिचोलीची. बीएस्सी केमिस्ट्री, नंतर सहा वर्षं एका फार्मा कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये. गोव्यात केमिस्ट्री केलेल्यांचा रस्ता साधारण ठरलेलाच असतो, वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, डिचोली, जिथे इंडस्ट्रियल इस्टेट तिथे आम्ही, पहाटे कंपनीची बस आणि डब्यात भाजी-चपाती. मग आई आजारी पडली, बांबोळीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या, मी राजीनामा दिला, आणि बघता बघता तेरा महिने घरी गेले. आता आई बरी आहे, घरातल्या घरात काठी घेऊन मलाच ओरडत फिरते. म्हणून परत नोकरी शोधायला लागले आणि कळलं की माझा बायोडाटा २०१७ चा आहे, कॉलेजातून बाहेर पडताना मैत्रिणीच्या बायोडाटात नाव बदलून केलेला, हॉबीजमध्ये रीडिंग, म्युझिक आणि नेट सर्फिंग. नेट सर्फिंग!

मग जे सगळे करतात तेच केलं, मोबाईलवर शोधलं. एक वेबसाइट आली, नाव लिहीत नाही, तुम्हालाही तिच्या जाहिराती दिसल्या असतील नाहीतर तिच्या बहिणीच्या. रेझ्युमे अपलोड करा, फुकटात एटीएस स्कोअर मिळवा (एटीएस म्हणजे आलेले अर्ज चाळायला कंपन्या वापरतात ते सॉफ्टवेअर). केला. १०० पैकी ३४, तेही लाल रंगात, घड्याळासारखा काटा हलून हलून थांबला बरोबर लालमध्ये. खाली लिहिलेलं की कंपन्यांचं सॉफ्टवेअर तुमचा रेझ्युमे माणसाच्या हातात पोचायच्या आधीच फेकून देणार, आमच्या एक्सपर्टकडून लिहून घ्या, ३,४९९ रुपये फक्त. रात्री साडेअकराला आई झोपल्यावर असं काही वाचलं की माणूस पैसे भरतो. मी भरले.

एक्सपर्टने फोन केला नाही. बारा प्रश्नांचा एक फॉर्म आला, त्यातले पाच माझं नाव, पत्ता, शिक्षण असेच, मी जेवढं सुचलं तेवढं भरलं आणि चार दिवसांनी पीडीएफ आली. दिसायला सुंदर हो, खोटं कशाला बोलू. डावीकडे निळा पट्टा, त्यात गोल फोटो, फोनचं छोटं चित्र, पाकिटाचं छोटं चित्र, आणि स्किल्सचे बार. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं आमचं मशीन) ९० टक्के, टीमवर्क ९५ टक्के, इंग्लिश ८० टक्के. नवरा म्हणाला हे नव्वद टक्के कोणी मोजले? मी म्हटलं गप्प बस, एक्सपर्टने केलंय. आता विचार करते तर खरंच, एचपीएलसी नव्वद टक्के येतं म्हणजे काय येतं? उरलेले दहा टक्के म्हणजे मशीन बंद पडल्यावर काय करायचं ते?

उजवीकडे वर समरी होती, रिझल्ट्स-ड्रिव्हन डायनॅमिक क्वालिटी प्रोफेशनल विथ अ प्रूव्हन ट्रॅक रेकॉर्ड ऑफ क्रॉस-फंक्शनल एक्सलन्स. मी चार वेळा वाचली. माझ्याबद्दल आहे हे फोटोवरून कळलं.

हा रेझ्युमे सहा ठिकाणी टाकला. एका ठिकाणाहून बोलावणं आलं, वेर्ण्याला, कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. डिचोलीहून पणजी, पणजीहून परत दुसरी बस, ड्रेस घामाने ओला. मॅनेजर चांगले होते, चहा दिला, आणि रेझ्युमेवर पेन ठेवून विचारलं, हे टेस्टिंगचा टर्नअराउंड टाइम ३० टक्क्यांनी कमी केला लिहिलंय, किती दिवसांवरून किती दिवसांवर आणला? मी बघतच राहिले. मी असं कधी केलंच नव्हतं. मी असं फॉर्ममध्ये लिहिलंही नव्हतं. तो आकडा त्या एक्सपर्टने स्वतःच्या मनाने घातला होता आणि मी निळ्या पट्ट्याच्या कौतुकात तो नीट वाचलाच नव्हता.

फार्मावाल्यांना कळेल हे किती वाईट आहे. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून डोक्यात भरवतात, डेटा इंटिग्रिटी, अ‍ॅलकोआ, म्हणजे कोणी लिहिलं ते कळलं पाहिजे, वाचता आलं पाहिजे, काम करतानाच लिहिलेलं पाहिजे, मूळ नोंद पाहिजे, बरोबर पाहिजे. लॉगबुकात आकडा चुकला तर खोडरबर नाही, एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. अमेरिकेच्या एफडीएचं ऑडिट असलं की लोक रात्री झोपत नाहीत ते याच्यासाठीच. आणि अशा खात्यातल्या बाईच्या रेझ्युमेत कोणीतरी हवेतला आकडा घालतो आणि ती तो घेऊन क्यूसी मॅनेजरसमोर बसते. मी खरं सांगून टाकलं की हे मी लिहिलेलं नाही. ते हसले, पण ते हसणं कसं होतं ते मला माहीत आहे. परत फोन आला नाही आणि यायलाही नको होता.

वेबसाइटला मेल केली. उत्तर आलं की आकडे घालणं ही पद्धतच आहे, तुम्हाला हवे ते आकडे तुम्ही बदलून घ्या, फ्री रिव्हिजनचे सात दिवस संपलेत. मग रागाच्या भरात मी एक उद्योग केला, त्यांनीच बनवलेला रेझ्युमे दुसऱ्या एका तसल्याच वेबसाइटवर टाकला. स्कोअर ४१. तिथेही काटा लालमध्ये, तिथेही खाली पैसे भरायचं बटण. म्हणजे हा स्कोअर कुठल्या कंपनीचा नाही हो, दुकानदाराचाच तराजू आहे.

एवढं झाल्यावर माझा मावसभाऊ म्हणाला, तू टायपिंगवाल्याकडे का जात नाहीस? हा मावसभाऊ तारवटी, बोटीवर असतो, आणि बार्देशात बोटीवर जाणारी माणसं किती ते सांगायला नको. त्याचं म्हणणं, पहिल्या बोटीपासून त्याचा बायोडाटा हेच काका करतात. मी म्हटलं अरे पण मी लॅबमधली, बोटीवरची नव्हे. म्हणाला जा तर खरी.

शुक्रवारी गेले, ही पहिली चूक. शुक्रवारच्या बाजारात म्हापशाला पाय ठेवायला जागा नसते, आणि वर दुपारी एकला दुकान बंद, साडेतीनला उघडणार. मी चणा-भाजी पाव खाऊन तिथेच पायरीवर बसले. तुम्ही जाणार असाल तर मंगळवार-बुधवार सकाळी दहाला जा.

आता काकांची पद्धत. ते आधी टाइप करायला बसतच नाहीत. एक जुनी डायरी घेतात आणि विचारत सुटतात. मी माझी निळी पीडीएफ दाखवली तर त्यांनी ती एकदा वरून खाली बघितली आणि बाजूला ठेवली, म्हणाले यात तू कुठल्या बोटीवर होतीस ते कळत नाही.

म्हणजे काय ते नंतर कळलं. तारवट्याचा बायोडाटा म्हणजे एक तक्ताच असतो. बोटीचं नाव, बोटीचा प्रकार, म्हणजे टँकर की बल्क की पॅसेंजर, टनेज किती, तुझी रँक काय, साइन ऑन कधी, साइन ऑफ कधी. इंजिनवाला असेल तर इंजिन कुठलं, त्याची ताकद किती. खाली सीडीसी, म्हणजे खलाशाच्या सरकारी पुस्तिकेचा नंबर, एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे बोटीवर जायला लागणारे ट्रेनिंगचे कोर्सेस आणि ते कधी संपतात त्या तारखा. बस. तिथे डायनॅमिक लिहून चालत नाही, कारण तिकडचा माणूस हेच बघणार की याने याआधी एवढ्या मोठ्या बोटीवर, ह्याच इंजिनवर काम केलंय का. काकांनी आयुष्यभर हेच टाइप केलंय, म्हणून त्यांच्यासमोर कोणीही बसलं, नर्स असो की अकाउंटंट, त्यांच्या डोक्यात प्रश्न तेच. बोट कुठली, केवढी, तू कोण होतीस, चढलीस कधी, उतरलीस कधी.

मला विचारलं, लॅबमध्ये सकाळी गेलीस की पहिलं काय करतेस? मी म्हटलं बॅलन्स चेक, पीएच मीटर कॅलिब्रेशन. मग? मग सॅम्पल, मोबाइल फेज, म्हणजे एचपीएलसीतून वाहणारं द्रावण बनवायचं, सिस्टिम सुटेबिलिटी, म्हणजे मशीन नीट चालतंय का ती टेस्ट लावायची. मशीन किती? तीन. कुठली? सांगितली. तुझ्या हाताखाली की तुझ्या एकटीच्या? दिवसाला सॅम्पल किती? मी म्हटलं असतील दहा-पंधरा. असतील नको, आठव. आता मी डोळे मिटून आमचं लॉगबुक समोर आणलं, तरी खात्री होईना, मग तिथूनच जुन्या कलीगला फोन लावला. ती म्हणाली शिफ्टला आठ ते दहा, पंधरा कधीच झाले नाहीत गं, पंधरा झाले असते तर आपण मेलो असतो. काकांनी लिहिलं ८ ते १०. तीस टक्के वगैरेपेक्षा हा आकडा छोटा दिसतो, पण हा माझा आहे.

मग ते म्हणाले चुकलं की काय करायचं? म्हणजे रिझल्ट स्पेसिफिकेशनच्या बाहेर गेला तर. इथे मी वीस मिनिटं बोलले असेन. ओओएस, म्हणजे अशा बाहेर गेलेल्या रिझल्टची चौकशी, कशी उघडतात, आधी लॅबचीच चूक आहे का ते बघतात, डायल्युशन, ग्लासवेअर, कॉलम, इंटिग्रेशन, मग पुढे प्रॉडक्शनकडे जातात. एकदा एका बॅचच्या डिझोल्युशनचा, म्हणजे गोळी किती विरघळते त्या टेस्टचा, रिझल्ट खाली येत होता आणि सगळे टॅब्लेटवर संशय घेत होते, तेव्हा मी मीडियातली, म्हणजे गोळी ज्यात विरघळवतात त्या द्रावणातली, हवा नीट काढलेली नाही हे दाखवलं होतं. बुडबुडे टॅब्लेटला चिकटले की ती नीट विरघळत नाही. हे मी सहज गप्पांमध्ये सांगितलं, आणि काका, ज्यांना डिझोल्युशन म्हणजे काय ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, ते म्हणाले हे कुठे लिहिलंय तुझ्या निळ्या कागदात? कुठेच नव्हतं. मला हे लिहिण्यासारखं आहे असंच वाटलं नव्हतं. आपण रोज करतो ते आपल्याला काम वाटतं, कर्तृत्व वाटत नाही.

शेवटचा प्रश्न मला फार आवडला. तू रजेवर गेलीस की कोणाचं अडायचं? मी म्हटलं कोणाचं नाही. मग थोड्या वेळाने आठवलं की नवीन पोरं माझ्याकडेच यायची, पाच ट्रेनी मी तयार केले, आणि ऑडिटच्या दिवशी इन्स्पेक्टर लॅबमध्ये आले की मला पुढे उभं करायचे कारण मला लॉगबुकं तोंडपाठ. तेही लिहिलं गेलं, दोन ओळींत.

जुन्यात होतं, रिस्पॉन्सिबल फॉर एचपीएलसी अ‍ॅनालिसिस. आता आहे, तीन एचपीएलसीवर तयार गोळ्यांचं आणि स्टॅबिलिटी सॅम्पलचं अ‍ॅसे आणि रिलेटेड सबस्टन्सेस (म्हणजे औषध किती आणि अशुद्धी किती), शिफ्टला ८ ते १० सॅम्पल. जुन्यात होतं, गुड प्रॉब्लेम सॉल्व्हिंग स्किल्स. आता ती डिझोल्युशनची गोष्ट आहे एका ओळीत. (रेझ्युमे अर्थातच इंग्लिशमध्ये आहे, काकांचं इंग्लिश साधं, छोटी छोटी वाक्यं, आणि तेच बरं.)

आणि गॅप. याची मला सगळ्यात भीती होती. निळ्या रेझ्युमेत एक्सपर्टने फक्त वर्षं टाकून ती लपवली होती, २०१७ ते २०२३, महिने नाहीत. काकांनी महिने विचारले, मी चाचरले, म्हणाले बाय, बोटीवरचा माणूस आठ-नऊ महिने काम करतो, उतरतो, तीन-चार महिने घरी बसतो, घर रंगवतो, मासे पकडतो, परत चढतो, त्याला कोणी विचारतं का मध्ये काय केलंस? साइन ऑफ तारीख लिही, कारण लिही, संपलं. लिहिलं, आईचं आजारपण, आता रुजू व्हायला मोकळी. एक ओळ. एवढ्यासाठी मी रात्र रात्र जागत होते.

मग त्यांनीच सांगितलं की २०१२ मध्ये मायनिंग बंद झालं तेव्हा आणि परत २०१८ मध्ये कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर त्यांच्या दुकानात कशी गर्दी असायची. डिचोली, सत्तरी, सांगे इकडचे टिप्पर चालवणारे, मशीन ऑपरेटर, बार्जीवरचे खलाशी, आयुष्यात बायोडाटा न लिहिलेली माणसं. आमच्या घरात हे बघितलंय, सासऱ्यांचा ट्रक दारात उभा राहून राहून त्याच्या टायरांत गवत वाढलं होतं. काका म्हणाले त्या लोकांना वाटायचं आपल्याला काहीच येत नाही, आणि मी विचारायचो किती टनाची गाडी, किती वर्षं, अ‍ॅक्सिडेंट किती. शून्य. मग हे लिही की, म्हणालो.

बरं, आता तक्रारी, कारण दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे.

एक म्हणजे काकांचा फॉरमॅट जुना. वडिलांचं नाव, धर्म, मॅरिटल स्टेटस, पासपोर्ट नंबर, सगळ्याला जागा ठेवलेली. गल्फला जाणाऱ्यांना लागतं म्हणतात. मला कुठे जायचंय, कुंडईला! मी सगळं काढायला लावलं, त्यांनी तोंड वाकडं केलं पण काढलं. तुम्हीही काढा, जन्मतारीख, आधार, पासपोर्ट नंबर असलं काही उगाच अनोळखी मेल आयडीवर पाठवायचं नाही. ज्यांचे पोर्तुगीज पासपोर्ट झालेत आणि युरोपात चाललेत त्यांनी इथे येऊ नका, युरोपास म्हणून युरोपियन युनियनची वेबसाइट आहे, तिथे फुकटात बनतो, काकांना ते जमत नाही. यूकेला तर फोटोसुद्धा लावायची पद्धत नाही, आणि काका फोटोशिवाय कागद हातातून सोडत नाहीत.

दुसरं, डिक्लेरेशन. आय हिअरबाय डिक्लेअर, खाली प्लेस म्हापसा, डेट, सही. मी म्हटलं हे नको, आता कोणी लिहीत नाही. ते म्हणाले सही नसेल तर कागद कसला. शेवटी तडजोड झाली, प्रिंटमध्ये डिक्लेरेशन, पीडीएफमध्ये नाही.

तिसरं, सॉफ्टवेअर आणि एटीएस वगैरे विषय त्यांना माहीतच नाही. पण गंमत अशी की त्यांचा साधा, एका कॉलमचा, वर्डमधला रेझ्युमे तिथे जास्त बरा चालतो. घरी येऊन मी एक टेस्ट केली, तुम्हीही करा, पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. सॉफ्टवेअरच्या हाती साधारण तेच लागतं. काकांचा रेझ्युमे ओळीने नीट उतरला. निळ्याचं काय झालं तर डाव्या पट्ट्यातलं टीमवर्क उजवीकडच्या कंपनीच्या नावात घुसलं, फोनचं चित्र चौकोन झालं, आणि नव्वद टक्के वगैरे बार तर उतरलेच नाहीत, कारण ती चित्रं. साडेतीन हजारांचं कौशल्य हवेत. आणि हो, बहुतेक कंपन्यांमध्ये सॉफ्टवेअर आपणहून रेझ्युमे फाडून टाकत नाही, एचआरवाली बाई त्यात एचपीएलसी, स्टॅबिलिटी, जीएमपी (औषध बनवायचे नियम) असं शोधते आणि ज्यांच्यात सापडतं ते वर येतात. आपोआप नापास होतो तो फॉर्ममधल्या हो-नाहीच्या प्रश्नांवर, अनुभव तीन वर्षांपेक्षा जास्त आहे का वगैरे. तेव्हा जाहिरातीतले शब्द जे तुमच्याकडे खरोखर आहेत ते त्याच स्पेलिंगने रेझ्युमेत असू द्या. एचपीएलसी असं पण आणि त्याचं पूर्ण नाव पण, एकदा.

चौथं, मराठी टायपिंग करून घेणार असाल तर सांभाळा. जुना फॉन्ट वापरतात, प्रिंट झकास, पण ती फाईल मेल केली की समोरच्याला नुसता किड्यामुंग्यांचा बाजार दिसतो. युनिकोड म्हटल्यावर काका म्हणाले ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर आहे, तो मुलगा आला की.

सरकारी नोकरीचं विचाराल तर तिथे असला रेझ्युमे वगैरे कोणी बघत नाही, तिथे फॉर्म, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड, पंधरा वर्षांचा रेसिडेन्स दाखला, आणि जाहिरातीत ती आपली नेहमीची ओळ, कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं असल्यास बरं. त्याचे फॉर्म काका भरून देतात आणि चांगले भरून देतात, रांग त्यासाठीच असते.

पैसे दीडशे. दीड तास माझ्याशी बोलून, टाइप करून, चार प्रिंट देऊन दीडशे. प्रिंट जरा काळपट येते, ड्रम बदलायला झालाय.

निकाल सांगते, कारण रिव्ह्यूत सगळे तेच शोधतात. पाच ठिकाणी पाठवला, दोन फोन आले. एका ठिकाणी पगारावरून बोलणं तिथेच संपलं. दुसऱ्या ठिकाणी, कुंडईला, पॅनेलवर तिघे होते, त्यातल्या मॅडमनी रेझ्युमेवर बोट ठेवून विचारलं, डिझोल्युशनमध्ये हवेचं काय झालं होतं? आणि मी सुरू झाले ते थांबेचना, त्याच मध्ये मध्ये विचारत होत्या, बास्केट होती की पॅडल, मीडिया किती तापवला होता, फिल्टर केला होता का, आणि मला सगळं येत होतं कारण मी ते हाताने केलेलं. सेकंड राउंड झाला. अजून कळलेलं नाही, एचआर म्हणते या आठवड्यात. लागली नोकरी तर काकांमुळे लागली असं म्हणणार नाही, नाही लागली तरी त्यांना दोष देणार नाही.

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते आता सांगते.

काकांच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर सगळ्या गिऱ्हाइकांच्या फायली उघड्या पडलेल्या असतात. नावं, फोन नंबर, पत्ते, कोणाचे पासपोर्ट स्कॅन. कोणीही पेन ड्राइव्ह लावून घेऊन जाईल. मी म्हटलं काका हे बरं नाही, माझी फाईल माझ्यासमोर डिलीट करा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. त्यांनी निमूट केली, मी उभी राहून बघितलं, अगदी ऑडिटर असल्यासारखी. पीडीएफ माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली होतीच.

रात्री घरी शांतपणे वाचायला घेतली. अनुभवाच्या हेडिंगमध्ये क्वालिटी कंट्रोल ऐवजी काकांनी क्वांटिटी कंट्रोल टाइप केलेलं. स्पेलिंग दोन्हीचं बरोबर, त्यामुळे कॉम्प्युटरने लाल रेघही मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत कदंबा बस पकडून म्हापसा. काकांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा वर केला, कॉम्प्युटरकडे बघितलं आणि म्हणाले फाईल खंय आसा? (फाईल कुठे आहे?) मी काही बोलले नाही. त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं परत टाइप केलं, पाऊण तास, आणि पन्नास रुपये घेतले. लग्नाचा असता तर शंभर घेतले असते म्हणाले.